मागची फळी

आधी फळी, मग मशीन, म्हणाला दाऊद मुकादम.
हर्णैहून कुंभार्ली चढून, कासच्या पठारावरून
बामणोलीत उतरला त्याचा टेम्पो,
मागे चार स्ट्रोकचं इंजिन,
बाळंतिणीला आणावं तसं,
खाली दोन गाद्या घालून.

स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं
बोटीची पाठ ठोकत गेला,
कलिंगड पारखावं तसा.
इथं टणक. इथं टणक. इथं –
आवाज बसला.
फायबरच्या आत प्लायवूड कुजलेलं.
अंगठा रुतवला तर
ओल्या भाकरीसारखं हाताला आलं.
"हिच्यावर पंचवीस किलो जास्तीचं टांग,
भर पाण्यात मागं वळून बघशील
आणि मशीन नसंल."

पुण्याच्या कुणा साहेबानं
गळ टाकायला घेतलेली ही बोट.
दोन पावसाळ्यांत त्याची हौस फिटली.
त्याच्या फिरत्या खुर्चीवर अठरा वर्षं
खव्याचे डबे बसतात,
रेशनचं पोतं, एकदा तर
ताप आलेली शेळी.

कुजका भाग छिन्नीनं काढला.
नवी फळी बसवली, पण पौषातली थंडी,
रेझिन वाळेना.
मग ताडपत्रीखाली दोनशेचा बल्ब लावला,
कोंबडीच्या पिलांना लावतात तसा,
आणि आम्ही दोघं चार रात्री उठून उठून
हात लावून बघत राहिलो.

जुनं मशीन तोवर पडवीत, स्टँडवर उलटं.
ओढायची दोरी विहिरीच्या सोलाची,
झाकण ट्यूबच्या पट्टीनं आवळलेलं.
खालच्या पंखाचा टवका उडालाय.
एका वैशाखात पाणी फार खाली गेलं,
वळणावर पातं काहीतरी खणखणून गेलं.
आजा म्हणाला, तिथं आपलं जोतं.
मी ते घर पाहिलेलं नाही.
पात्यानं पाहिलं.

पाचव्या दिवशी चार भोकं.
नव्या लाकडाचा भुसा पाण्यावर तरंगत गेला,
मासळीला वाटलं, काहीतरी आलं.
बोल्टाला डिंक, आतून जाड वायसर,
पंख्यावरची ती आडवी पट्टी तळाच्या रेषेत,
दाऊद पोटावर पालथा, एक डोळा मिटून:
अजून सूतभर वर. अजून. बास.

बटण दाबलं.
मला वाटलं लागलंच नाही.
"धार बघ, धार!"
मागून पाण्याची बारीक चिळकांडी,
तान्ह्या पोरासारखी.
लागलं होतं.

पलीकडच्या वाडीला पोचलो
तर काठावर कुणी नाही.
हौसाबाई ढेबे रोज वळणावरचा आवाज ऐकून
उंबऱ्यावरून डबा उचलते,
अर्धी टेकडी उतरते, मी टेकतो, ती टेकते.
अठरा वर्षं आमचं हे असं.
आज मी टेकलो, आणि टेकडी रिकामी.
एक टिटवी तेवढी
उगाच शंका घेत होती.

दाऊदचा सतरा नंबरचा पाना राहिला होता बोटीत.
तेलाच्या रिकाम्या डब्यावर बडवला.
आता पेट्रोलात तेल मिसळायचं नाही,
डब्याला दुसरं काम नव्हतंच.

आली. घसरत, चिडलेली,
पदर खोचलेला, डबा हिंदकळत.
"चोरावानी काय येतूस रं?"

परत निघालो. शिवसागर इतका गप्प
की फळीवर पाणी आपटताना ऐकू येत होतं,
नव्या फळीवर, जरा कोवळं.
आणि बोटीत सगळे
सवयीनं अजून ओरडूनच बोलत होते.
लग्नाच्या याद्या, कुणाचं गुडघेदुखीचं औषध,
पार पलीकडच्या डोंगरापर्यंत.

हौसाबाई माझ्या हातभर अंतरावर.
घशाच्या शिरा ताणून विचारते,
"जुनं कुठं ठेवलंस?"
"पडवीत!" मीही ओरडलो.